मेडिकेड विस्तार : लॅटिनो समाज व एचआयव्हीबाधित

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अल्प उत्पन्न असलेल्या लोकांसाठी चालविल्या जाणाऱ्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेची पात्रता रुंदावण्याची प्रक्रिया. मेडिकेडची स्थापना १९६५ मध्ये झाली. तिचा खर्च केंद्र सरकार व राज्ये वाटून घेतात आणि पात्रतेचे बरेचसे नियम राज्यांच्या हाती असल्यामुळे एकाच मिळकतीच्या दोन माणसांना दोन राज्यांत अगदी वेगळी वागणूक मिळू शकते. या विस्ताराचा परिणाम ज्या गटांवर ठळकपणे दिसतो, त्यांत एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि लॅटिन अमेरिकी वंशाचा समाज (लॅटिनो) यांचा समावेश होतो. हे दोन गट एकमेकांत मिसळलेलेही आहेत : देशाच्या लोकसंख्येत लॅटिनो साधारण एकपंचमांश असले, तरी अलीकडच्या वर्षांत एचआयव्हीच्या नव्या संसर्गांपैकी सुमारे एकतृतीयांश याच समाजात आढळतात.

मूळ योजनेत केवळ गरिबी पुरेशी नव्हती. अर्जदार बालक, गर्भवती, अल्पवयीन मुलांचा पालक, वृद्ध किंवा अपंग यांपैकी कोणीतरी असावा लागे. एचआयव्ही झालेल्या, पण अद्याप धडधाकट असलेल्या अविवाहित तरुणाला यांतील एकही वर्ग लागू होत नसे. १९९६ च्या सुमारास प्रभावी संयुक्त औषधोपचार उपलब्ध झाल्यावर या नियमातील विसंगती उघड झाली. एड्स होऊन अपंगत्व आल्यावरच विमा मिळणार आणि एड्स टाळणारी औषधे मात्र विम्यावाचून परवडणार नाहीत, अशी ही कोंडी होती. मॅसॅचूसेट्स व मेन या राज्यांनी २००० नंतर लवकरच केंद्राकडून विशेष सवलत मिळवून एचआयव्हीबाधितांना अपंगत्वाची वाट न पाहता योजनेत घेतले. बहुतेक राज्यांनी तसे केले नाही.

विमा नसलेल्यांचा आधार होता तो रायन व्हाइट कार्यक्रम. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) यावरील उपचारातून संसर्ग झालेला इंडियानातील रायन व्हाइट हा मुलगा एप्रिल १९९० मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी मरण पावला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. देशातील निदान झालेल्या एचआयव्हीबाधितांपैकी निम्म्याहून अधिक लोकांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचतो आणि केंद्रीय कायद्यानुसार त्यासाठी स्थलांतरविषयक कागदपत्रांची अट नाही, ही लॅटिनो स्थलांतरितांच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोलाची बाजू होय. परंतु तो विमा नव्हे. त्याचा निधी संसदेच्या वार्षिक मंजुरीवर अवलंबून असतो, आणि रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च त्यातून देता येत नाही. निधी आटला की काय होते, हे २०११ मध्ये दिसले, जेव्हा राज्यांच्या एड्स औषध साहाय्य योजनांच्या प्रतीक्षायादीवरील नावे नऊ हजारांवर गेली.

खरा पालट २०१० च्या परवडण्याजोग्या आरोग्यसेवा कायद्याने (लोकभाषेत ‘ओबामाकेअर’) घडविला. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या जवळजवळ सर्व प्रौढांना, त्यांचा वर्ग न पाहता, मेडिकेडमध्ये घेण्याची तरतूद त्यात होती. मात्र जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांवर सक्तीचा करता येणार नाही असा निर्णय दिला. जानेवारी २०१४ पासून राज्ये एकेक करून सामील होत गेली आणि त्यांची संख्या ४० वर पोहोचली. टेक्सस व फ्लोरिडा या प्रचंड लॅटिनो वस्तीच्या राज्यांनी मात्र नकार कायम ठेवला. तेथे मुले नसलेला धडधाकट गरीब प्रौढ मेडिकेडला अपात्र ठरतो, आणि दारिद्र्यरेषेखालील उत्पन्नामुळे खासगी विम्यावरील सरकारी अनुदानालाही सामान्यतः मुकतो. तरीही एकूण फरक लहान नाही : ६५ वर्षांखालील लॅटिनोंमध्ये विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० मध्ये सुमारे ३३ टक्के होते, ते २०२२ पर्यंत सुमारे १८ टक्क्यांवर आले.

उरलेल्या तुटीचे मोठे कारण स्थलांतराच्या कायद्यात आहे. १९९६ च्या कल्याणविषयक कायद्याने बहुतेक ग्रीन कार्डधारकांनाही (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही) मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबविले, तर अधिकृत कागदपत्रे नसलेल्यांना केवळ आणीबाणीच्या उपचारांपुरते स्थान ठेवले. ओबामाकेअरने कागदपत्रे नसलेल्यांना त्या कायद्याने उभारलेल्या विमा बाजारपेठेतून पूर्ण किंमत मोजूनही पॉलिसी घेण्यास मनाई केली. भीतीचा भाग याहून मोजायला कठीण आहे. सरकारी मदत घेणाऱ्याला ‘सार्वजनिक भार’ समजून ग्रीन कार्ड नाकारण्याचा निकष २०१९ मध्ये कडक करून त्यात मेडिकेडचा समावेश करण्यात आला. तो नियम २०२१ मध्ये मागे घेतला गेला, पण ज्यांना तो लागूच नव्हता अशी कुटुंबेही तोपर्यंत मुलांची नावे योजनेतून काढू लागली होती. स्पॅनिश बोलणाऱ्या, त्याच वस्तीतल्या ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्यसेविका नावनोंदणीत उपयोगी पडतात, त्या याच कारणाने.

प्वेर्तो रीको हे अमेरिकेच्या ताब्यातील, पण राज्याचा दर्जा नसलेले कॅरिबियन बेट म्हणजे वेगळेच प्रकरण आहे. तेथील रहिवासी १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, तरीही बेटाला मिळणाऱ्या मेडिकेड निधीवर कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे, जशी कोणत्याही राज्यावर नाही.

कॅलिफोर्नियाने स्वतःच्या तिजोरीतून सर्वांत दूरचा पल्ला गाठला. मेडी-कॅल या तेथील योजनेत कागदपत्रे नसलेली मुले २०१६ मध्ये, २५ वर्षांपर्यंतचे तरुण २०२० मध्ये, पन्नाशीपुढचे २०२२ मध्ये आणि उरलेले प्रौढ जानेवारी २०२४ मध्ये सामावले गेले. खर्च अंदाजाबाहेर गेल्यावर २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा प्रौढांची नवी नोंदणी जानेवारी २०२६ पासून थांबविण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैत मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने विस्तारातून आलेल्या अनेक प्रौढांवर दरमहा ८० तास कामाची अट घातली असून ती २०२७ च्या आरंभापर्यंत लागू व्हायची आहे. अशा अटींमुळे विमा मध्येच तुटला, तर एचआयव्हीच्या बाबतीत त्याला वेगळे वजन आहे. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. औषधे सुटली की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतात.