जंपसीट वेगळी, स्टाफ तिकीट वेगळं

भाचा पायलट झाला की लग्नाकार्यात हमखास कुणीतरी म्हणतं, आता मामा-मामी फुकटात अमेरिकेला जाणार! या बोलण्यात दोन अगदी वेगळ्या सोयींची सरमिसळ होते.

जंपसीट म्हणजे कॉकपिटात दोन्ही पायलटांच्या मागे असलेली जादा, बहुधा घडीची खुर्ची. (केबिन क्रू दारापाशी बसतात तिलाही जंपसीटच म्हणतात, ती इथे सोडून देऊ.) मूळ सोय तपासनीस आणि प्रशिक्षकांसाठी. अमेरिकेत मात्र हजारो पायलट राहतात एका शहरात आणि ड्यूटी सुरू होते दुसऱ्या शहरातून. त्यामुळे एकमेकांच्या विमानांतून असं विनातिकीट जाणं तिथे पेशाचा भागच होऊन बसलं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे बंद पडलं आणि पुढे ‘कॅस’ ही पडताळणी आल्यावर पुन्हा रुळावर आलं. गेटवरचा कर्मचारी संगणकावर फोटो आणि नोकरी चालू असल्याची नोंद पाहतो. तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा, म्हणून पाहुणा पायलट आधी कॉकपिटपाशी जाऊन रीतसर परवानगी मागतो. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण त्या खुर्चीवरून सगळी यंत्रणा हाताच्या अंतरावर असते. २२ ऑक्टोबर २०२३ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या पायलटने दोन्ही इंजिनांची आग विझवण्याची हँडल ओढायचा प्रयत्न केला. ती पुरती ओढली गेली असती तर इंजिनांचं इंधन तुटलं असतं. ड्यूटीवरच्या दोघांनी त्याला आवरलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं.

स्टाफ तिकीट हा नोकरीचा लाभ आहे. तो पायलटपुरता नाही, काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही मिळतो आणि कंपनीच्या नियमांनुसार जोडीदार, मुलं, आईवडील यांनाही. ‘आयडी ९०’ म्हणजे मूळ भाड्यात ९० टक्के सूट. दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी ‘झेड’ करार असतो, त्यात अंतराच्या टप्प्यांनुसार भाडं ठरतं. कर वेगळे. ही तिकिटं बहुतेक स्टँडबाय असतात, म्हणजे जागा उरली तरच बसायला मिळतं. आधी पूर्ण भाडं भरलेले प्रवासी, मग सहसा त्याच कंपनीचे लोक आणि त्यानंतर बाहेरच्या कंपन्यांचे. या तिकिटावर बसायचं ते केबिनमध्येच.

भारतात कॉकपिटात कुणी बसायचं हे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक कार्यालय ठरवतं, आणि स्टाफ असणं म्हणजे परवानगी नव्हे. २७ फेब्रुवारी २०२३च्या दुबई-दिल्ली विमानात एअर इंडियाच्या पायलटने प्रवासी म्हणून चाललेल्या कंपनीच्याच कर्मचारी मैत्रिणीला कॉकपिटात घेतलं. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला आणि पायलटचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं. माझ्या मते हे योग्यच झालं.

तेव्हा मामा-मामींच्या वाट्याला काही आलंच, तर ते स्टाफ तिकीट, तेही भाच्याच्या कंपनीच्या यादीत नातं बसलं तर. अशा तिकिटावर दिवाळीत किंवा नाताळात निघू नका, सकाळचं पहिलं विमान धरा म्हणजे जागा हुकली तरी दिवसभरातली पुढची विमानं हाताशी राहतात, आणि परतीच्या पूर्ण भाड्याचे पैसे जवळ ठेवा. गेटवर नाव पुकारलं गेलं नाही तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. त्याची तक्रार थेट भाच्याच्या कंपनीत जाते आणि सवलत गोठते ती भाच्याची.