एमएसडब्ल्यू की एमए ग्रामीण विकास? नोकरी सांभाळून शिकायचं तर

कुणी 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, प्रभाग समन्वयक असतं, कुणी संस्थेत पाणलोटाचं काम बघत असतं, कुणी कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातून पाच-सहा गावं सांभाळत असतं. चार वर्षं काम झालं की यातल्या बहुतेकांच्या डोक्यात मास्टर्स करायचं येतं. विषय ठरलेला असतो, सामुदायिक विकास. पण इग्नूचं, म्हणजे दूरस्थ शिक्षण देणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, माहितीपत्रक उघडलं की समोर दोन अभ्यासक्रम येतात: एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क, समाजकार्य) आणि एमए ग्रामीण विकास. दोन्हींना कुठल्याही शाखेची पदवी चालते, दोन्ही किमान दोन वर्षांचे आणि दोन्हींत लोकसहभाग, स्वयंसेवी संस्था, संशोधन पद्धती आहेतच. मग फी बघून नाहीतर ऑफिसातल्या कुणी काय घेतलं ते बघून अर्ज भरला जातो.

फरक विषयांच्या यादीत शोधू नका, तिथे तो नीट दिसत नाही. एखाद्या बचत गटाच्या बैठकीत बसा, तिथे दिसेल.

समजा बीड जिल्ह्यातलं गाव आहे आणि गटात अकरा जणी आहेत. एक बाई लागोपाठ तीन बैठकांना आलेली नाही आणि तिचा हप्ता थकलाय. सचिव नोंदवही पुढे करते, दोघी-तिघी आवाज चढवतात, "तिला काढून टाका, आपला गट बदनाम होतो." तिची जाऊ त्याच गटात आहे, ती खाली मान घालून बसलेली.

एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी इथून जे लिहून नेईल त्यात माणसं असतील. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, जावेला कुणी विचारलं का, आपण स्वतः मध्ये कधी बोललो आणि त्या क्षणी का बोललो, बोलणं चुकलं तर काय चुकलं. याला रेकॉर्डिंग म्हणतात. पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षकासमोर आयसी होते, म्हणजे वैयक्तिक चर्चा, आणि तिथे त्या कागदाची चिरफाड होते. "तुला राग आला होता का?" असले प्रश्न येतात. पाच वर्षं गावात काम केलेल्या माणसाला हे सुरुवातीला पोरकट वाटतं. माझ्या मते एमएसडब्ल्यूतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे, कारण नोकरीत हा प्रश्न तुम्हाला कुणीच विचारत नाही. तिथे फक्त आकडा विचारतात.

ग्रामीण विकासाचा विद्यार्थी त्याच बैठकीत पंचसूत्री धरून बसेल. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब लेखन. यातलं कुठलं सूत्र तुटलं आणि का? थोडं खणलं की कळतं की ती बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलीय, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतल्यामुळे जाणं भागच होतं, आणि आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत येणार नाही. म्हणजे बाई बेशिस्त नाही. गाव अर्धं वर्ष रिकामं होतं हे दर आठवड्याच्या बैठकीचा नियम करणाऱ्याच्या हिशोबातच नव्हतं. मग पुढचे प्रश्न पडतात: कोरडवाहू जमीन किती, रोजगार हमीची कामं त्या महिन्यांत निघतात का, परतफेडीचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावता येईल का. हा कार्यक्रमाच्या आखणीचा विचार झाला.

दोन्ही विद्यांची घराणीच वेगळी आहेत. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे शहरातल्या वस्तीतून आलं. क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत नागपाड्याला नेबरहूड हाऊस चालवत होते. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले. तीच पुढे 'टिस' (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून ओळखली जाऊ लागली. ग्रामीण विकास आला तो सरकारी योजनेच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. त्यात लोक कुठे आहेत, असा प्रश्न १९५७च्या बलवंतराय मेहता समितीने उपस्थित केला आणि त्यातून पंचायत राज उभं राहिलं. आजचे आपले गटविकास अधिकारी आणि पंचायत समित्या याच वंशातल्या. त्यामुळे एकीकडे व्यक्ती, गट, वस्ती अशी चढण आहे, तर दुसरीकडे योजना, यंत्रणा, गाव अशी उतरण.

आता नोकरीचा मुद्दा. खरी गफलत इथेच होते.

एमएसडब्ल्यूला क्षेत्रकार्य सक्तीचं आहे, आणि "मी रोज गावातच असतो, माझी नोकरी हेच माझं फिल्डवर्क" हे गृहीत धरून प्रवेश घेणारे पुष्कळ. तसं नसतं. क्षेत्रकार्याला पर्यवेक्षक लागतो, नोंदी लागतात आणि त्या नोंदी शिकणाऱ्याच्या असाव्या लागतात. ऑफिसला पाठवलेला मासिक अहवाल तिथे चालत नाही. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. क्षेत्रकार्याची क्रेडिटं त्या हिशोबाने मांडून बघा आणि ते तास रविवार धरून कुठून काढणार हे आधी कागदावर लिहा. स्वतःच्याच संस्थेत क्षेत्रकार्य करायला परवानगी मिळाली तरी रोजच्या कामापेक्षा वेगळं काम घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. स्वतःच्या साहेबालाच पर्यवेक्षक केलं तर आयसीची आढावा बैठक होते.

नियमित महाविद्यालयात तर आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात, शिवाय ग्रामीण शिबिर आणि ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग काही आठवडे पूर्ण वेळ काम. पूर्ण वेळ नोकरीवाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

एमए ग्रामीण विकासात हा भार प्रबंधावर येतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर करून घ्यायचा, मार्गदर्शक शोधायचा, गावात जाऊन माहिती गोळा करायची. इथे मात्र नोकरी उपयोगी पडते. गावं ओळखीची असतात, ग्रामपंचायतीचं दप्तर बघायला मिळतं आणि विषय डोळ्यासमोरच असतो. वरची ऊसतोडीची गोष्टच घ्या, तिच्यावर उत्तम प्रबंध होईल. फक्त स्वतःच्या संस्थेची स्तुती करणारा प्रबंध लिहायचा मोह आवरावा लागतो.

मग घ्यायचं काय? सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, कामगार कल्याण अधिकारी अशा पदांवर डोळा असेल तर वेगळा विचार नको. त्या जाहिरातींत बहुधा समाजकार्याची किंवा त्या पदाशी थेट संबंधित विषयाची पदवी मागतात आणि ग्रामीण विकासाचं एमए तिथे बहुधा छाननीतच गळतं. उपजीविका, पाणी, पंचायत, सीएसआर या क्षेत्रांत सहसा दोन्ही चालतात. तिथे तुम्हाला काय अडतंय ते बघा. माणसांशी बोलताना अडत असाल तर एमएसडब्ल्यू, आराखडे आणि अंदाजपत्रकं करताना अडत असाल तर ग्रामीण विकास. 'दूरस्थ पदवी कमी प्रतीची' ही भीती मनातून काढा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२०च्या नियमावलीप्रमाणे मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मान्यता तेवढी प्रवेशाच्या वर्षाची तपासा.

भाषेचंही आधीच बघून ठेवा. इग्नूचं हे शिक्षण हिंदी-इंग्रजीत आहे, मराठीत नाही, आणि दहा वर्षं मराठीत अहवाल लिहिलेल्याचा हात पहिल्या पेपरला अडखळतो. शिवाय जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट देण्याची मुदत साधारण ३१ मार्चच्या आसपास येते, म्हणजे नेमकी मार्चअखेरच्या खर्चाच्या धांदलीत. संस्थेत निधीचा हिशोब तुमच्याकडेच असेल तर जास्तीत जास्त पेपर डिसेंबरला ठेवा. त्यांच्या असाइनमेंट सप्टेंबरअखेर द्याव्या लागतात आणि पावसाळ्यात रात्री लिहायला तरी बसता येतं.