काटे विझले, रेडियम नाही

आपल्याकडे अंधारात चमकणारं काहीही असलं की ते रेडियम. रिक्षामागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात तेही रेडियमच, त्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो तरी. पण १९६० च्या आधीचं चमकत्या काट्यांचं स्विस घड्याळ हातात आलं तर तिथे मात्र बहुतेक वेळा खरंखुरं, किरणोत्सर्गी रेडियम असतं, आणि नेमकं तिथेच आपण बिनधास्त.

जुन्या बाजारातून मी असं एक उचललं. तासकाट्याच्या खाचेतला रंग अर्धा गळलेला, उरलेला करपलेल्या साखरेसारखा तपकिरी, आणि त्याचाच चुरा डायलवर सहाच्या आसपास पडलेला. घड्याळवाल्या काकांकडे नेलं तर ते लगेच मागचं झाकण उघडायला निघाले. म्हटलं काका थांबा, रेडियम आहे त्यात. ते म्हणाले, "आता कुठे चमकतंय? उडालं की ते."

उडत नाही हो. रेडियम-२२६ चं हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांत ते जेमतेम तीन टक्के घटतं. चमकणारं असतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, रेडियममधून सुटणारे अल्फा कण आदळले की ते उजेड देतं, पण दिवसरात्र तोच मार खाऊन खाऊन त्याचे स्फटिक बिघडतात आणि काही वर्षांत ते गप्प होतं. मारणारा ताजातवानाच. रंग धरून ठेवणारं व्हार्निशही याच माराने ठिसूळ होतं, म्हणून तो चुरा.

अल्फा कण काचेपलीकडे जात नाहीत, थोडे गॅमा किरण जातात, रेडियमपासून होणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायूही झिरपतो, म्हणून अशी दहा-वीस घड्याळं बंद खोलीत साठवू नयेत. पण खरी भीती चुऱ्याची, नाकातोंडातून आत गेला की शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत ठेवून घेतं. १९२० च्या सुमारास न्यू जर्सीत डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, त्यांच्या जबड्याची हाडं अक्षरशः सडली. आणि आपले घड्याळवाले झाकण उघडलं की आधी काय करतात? फुंकर मारतात!

म्हणून कोरडं खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, घरी तर उघडायचंच नाही. जाणकार कारागीर हे काम बंद पेटीत, रंग ओला ठेवून करतात. काट्यातला रंग नुसता सैल झाला असेल तर मागून पातळ लॅकरचा थर देऊन तो धरूनही ठेवता येतो.

डायलच्या तळाला 'टी स्विस टी' दिसलं तर ते ट्रिटियम, हेही किरणोत्सर्गीच, पण तिथे गोष्ट उलटी. हाफ लाइफ १२.३ वर्षं, त्यामुळे पन्नास वर्षांनी सहाएक टक्केच उरतं, म्हणजे ते खरंच उडालेलं असतं. नवीन सुपर-ल्युमिनोव्हा या चमकत्या रंगात किरणोत्सर्ग नाहीच. जुन्या काट्यांत हा रंग भरून घेता येतो, पण कलेक्टर लोक नाकं मुरडतात आणि किंमत पडते.

माझं घड्याळ न उघडताच परत आणलं. रोज पाच मिनिटं मागे पडतं, पडू दे.