बिल्बोची गोष्ट बिल्बोकडे: चाहत्यांच्या कात्रीची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१४ मध्ये 'द हॉबिट'चा तिसरा आणि शेवटचा भाग पडद्यावर आला. महिना-दीड महिना उलटतो न उलटतो तोच इंटरनेटवर त्याची एक वेगळीच आवृत्ती फिरू लागली. 'टोल्किनएडिटर' एवढंच नाव लावणाऱ्या कुणा चाहत्यानं पीटर जॅक्सनचे तिन्ही चित्रपट जोडून, छाटून, सुमारे साडेचार तासांचा एकच चित्रपट केला होता. मूळ तीन भागांची चित्रपटगृहातली एकूण लांबी ४७४ मिनिटं, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटं कमी. बातम्या झाल्या त्या या वाचलेल्या साडेतीन तासांच्या. मला मात्र लांबी ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब वाटते. त्या आवृत्तीत गोष्टीचा सूर बदलला होता, आणि सुराबरोबर गोष्ट कुणाची हेही बदललं होतं.

काय काय काढलं ते त्या चाहत्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं. जादूगार गॅन्डाल्फची डोल गुल्डुर किल्ल्यावरची मोहीम पूर्ण गेली. टॉरिएल आणि लेगोलास हे दोन एल्फ, म्हणजे वनवासी, आणि कीली हा ड्वार्फ, म्हणजे बुटका खाणवासी, यांचा प्रेमत्रिकोण गेला. ड्वार्फांचा म्होरक्या थॉरिन याच्या मागे लागलेल्या अझोगचं, म्हणजे पांढऱ्या ऑर्कचं (ऑर्क म्हणजे इथले राक्षसी सैनिक), उपकथानक बरंच छाटलं गेलं. म्हाताऱ्या बिल्बोची प्रस्तावना गेली, ऑर्कांबरोबरच्या बऱ्याचशा चकमकी आखूड झाल्या. उरला तो घराबाहेर पडायला नाखूष असलेला, न्याहारीची वेळ चुकली की बेचैन होणारा बिल्बो, हॉबिट नावाच्या बुटक्या, घरकोंबड्या जमातीतला. कॅमेरा त्याला सोडून फारसा कुठे जात नाही.

हे एवढं महत्त्वाचं का, ते कळायला पुस्तकाकडे जावं लागतं. जे. आर. आर. टोल्किन यांचं 'द हॉबिट' १९३७ साली आलं ते मुलांचं पुस्तक म्हणून. त्यातला निवेदक मध्येच थांबून वाचणाऱ्याशी बोलतो, चिडवतो, पुढे काय होणार याची चुणूक देतो. मोठी लढाई येते तेव्हा बिल्बोच्या डोक्यावर दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तोवर सगळं संपलेलं असतं. युद्धाचा उरलेला भाग त्याला आणि आपल्याला मागाहून ऐकायला मिळतो. चित्रपटात तीच लढाई सुमारे पाऊण तास चालते आणि तिच्यात बिल्बो शोधावा लागतो.

अझोगचंही तसंच. पुस्तकात तो थॉरिनच्या आजोबांना मारणारा म्हणून ओझरता येतो. टोल्किननी नंतर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला जोडलेल्या परिशिष्टांनुसार तर या कथेच्या कितीतरी वर्षं आधीच तो मेलेला आहे. चित्रपटानं त्याला जिवंत ठेवलं आणि अख्ख्या प्रवासाला पाठलागाचं रूप आलं. भटकत, अडखळत, कोडी सोडवत पुढे सरकणारी गोष्ट सुडाची गोष्ट झाली.

पण या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण भाग वेगळाच आहे. 'हॉबिट'चं पहिलं पुनर्संकलन खुद्द टोल्किननीच केलं होतं. पहिल्या आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम हा प्राणी बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या खेळात आपली जादूची अंगठी पणाला लावतो, हरतो, आणि ती देता येत नाही म्हणून बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्याच जगातली मोठी कादंबरी लिहिताना ती अंगठी इतकी अमंगळ ठरली की असा सौजन्याचा गॉलम पटेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्यानं लिहिलं गेलं. आज आपण वाचतो तो 'चोर, चोर' म्हणून किंचाळणारा गॉलम दुसऱ्या आवृत्तीतला आहे.

पुढे १९६० मध्ये त्यांनी याहून मोठा घाट घातला. संपूर्ण 'हॉबिट' 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या गंभीर सुरात पुन्हा लिहायला घेतलं. अंतरं, चंद्राच्या कला, प्रवासाचे दिवस, सगळं जुळवायला घेतलं. काही प्रकरणं झाल्यावर त्यांनी ती एका परिचित व्यक्तीला वाचायला दिली. लिखाण छान आहे, पण हे 'हॉबिट' नव्हे, असा अभिप्राय आला आणि टोल्किननी तो प्रकल्प सोडून दिला. म्हणजे लहान गोष्टीला मोठ्या महाकाव्याची झूल चढवायचा प्रयत्न मूळ लेखकानंच करून पाहिला होता आणि त्यातून अंग काढून घेतलं होतं. पन्नास वर्षांनी जॅक्सनचे चित्रपट त्याच वाटेनं गेले.

ते तसे का गेले, याची कारणं चित्रपटाच्या निर्मितीत आहेत, आणि ती समजून घेतली तर जॅक्सनवर नुसतं तोंडसुख घेणं बरोबर वाटत नाही. दिग्दर्शन आधी गिएर्मो देल तोरो करणार होते. एमजीएम कंपनीच्या आर्थिक अडचणींमुळे काम लांबत गेलं आणि मे २०१० मध्ये ते बाहेर पडले. जॅक्सननी सूत्रं घेतली तेव्हा तयारीला पुरेसा वेळ उरला नव्हता. मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरू झालं ते दोन चित्रपटांसाठी. मुख्य चित्रीकरण आटोपल्यावर जुलै २०१२ मध्ये दोनाचे तीन होणार असं जाहीर झालं. टॉरिएल साकारणाऱ्या इव्हँजेलिन लिलीनं सांगितलंय, की प्रेमत्रिकोण नसेल या अटीवर तिनं भूमिका घेतली होती. पुढच्या वाढीव चित्रीकरणात तो आलाच. तिसऱ्या भागाच्या डिस्कवरच्या माहितीपटात जॅक्सन स्वतः मोकळेपणानं कबूल करतात, की पुरेशा आखणीशिवाय आपण सेटवर उभे राहत होतो. मला ते तीन चित्रपट आळसाचं फळ वाटत नाहीत. घाईत, थकव्यात, तरीही अफाट कसबानं केलेलं ते काम आहे. म्हणूनच त्यातून दुसरा चित्रपट काढता येतो. कच्चा माल वाईट असता तर कात्री काय करणार होती?

संकलनानं अर्थ बदलतो हे सिनेमाला फार लवकर कळलं. रशियात लेव कुलेशॉव यांनी शंभर वर्षांपूर्वी अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक आणि दुःख दिसलं. हे ज्ञान पहिल्यांदा सर्रास वापरलं ते मात्र चाहत्यांनी नव्हे, पैसे घालणाऱ्यांनी.

फँटसीच्या बाबतीत १९८५ चं साल त्यासाठी लक्षात ठेवावं असं आहे. टेरी गिलियमच्या 'ब्राझिल'चा शेवट युनिव्हर्सल स्टुडिओला फार काळा वाटला. नायक छळकोठडीतच वेडाच्या आश्रयाला जातो, सुटका हे त्याचं स्वप्न असतं. स्टुडिओच्या ९४ मिनिटांच्या आवृत्तीत ते स्वप्नच खरं ठरलं आणि प्रेमी युगुल सुखानं निघून गेलं. छाटाछाट बरीच झाली, पण घाव घातला तो शेवटचं सत्य सांगणारा भाग काढून. तेवढ्यानं अख्ख्या चित्रपटाचा अर्थ उलटा झाला. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी गिलियमच्या आवृत्तीला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं तेव्हा कुठे अमेरिकेत तिची वाट मोकळी झाली. रिडली स्कॉटच्या 'लेजंड'ची गोष्ट संगीताची. युरोपात जेरी गोल्डस्मिथचं वाद्यवृंदाचं संगीत राहिलं. अमेरिकेत चित्रपट आणखी छाटून त्याला टँजरीन ड्रीमचं सिंथेसायझर लावलं. प्रसंग बव्हंशी तेच असूनही एक परीकथा वाटते, दुसरा त्या दशकातला रॉक व्हिडिओ.

जपानी ॲनिमेशनपटकार हायाओ मियाझाकींच्या 'नौसिका'चे तर हाल झाले. १९८४ चा हा चित्रपट अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावानं आला तेव्हा त्यातली वीसेक मिनिटं गेली होती. माणूस आणि विषारी अरण्य यांच्यातलं नातं हाच त्याचा गाभा, नेमका तोच पातळ झाला आणि महाकाय कीटक निव्वळ शत्रू उरले. हा घाव इतका खोल होता की पुढे परदेशी वितरकांशी करार करताना मियाझाकींच्या स्टुडिओ जिब्लीनं एकही कट चालणार नाही ही अट घातली. 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी निर्माते तोशिओ सुझुकींनी अमेरिकी वितरकाला समुराई तलवार भेट दिली आणि सोबत संदेश दिला: 'नो कट्स'.

चाहत्यांच्या हाती कात्री आली ती व्हीसीआर आणि मग घरचा संगणक आल्यावर. तिला प्रसिद्धी मिळवून दिली 'द फँटम एडिट'नं. जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' मालिकेतला १९९९ चा 'द फँटम मेनेस' पाहून निराश झालेल्या माइक निकल्स या व्यावसायिक संकलकानं त्यातली वीसेक मिनिटं कमी केली, जार जार बिंक्स या विदूषकी पात्राचे विनोद आवरले, लहानग्या अनाकिनच्या तोंडचं पोरकट बोलणं छाटलं. २००१ मध्ये त्याच्या व्हीएचएस टेप हातोहात फिरत होत्या. लुकासफिल्मनं आधी कानाडोळा केला, टेप विकल्या जाऊ लागल्यावर इशारा दिला.

लुकास यांची यातली भूमिका मोठी गुंतागुंतीची आहे. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्यांनी जुन्या चित्रपटांत फेरफार करणाऱ्यांना रानटी म्हटलं होतं. १९९७ मध्ये त्यांनीच आपल्या मूळ 'स्टार वॉर्स' चित्रपटांत नवे प्रसंग आणि नवे इफेक्ट घातले आणि जुनी रूपं हळूहळू बाजारातून दिसेनाशी झाली. त्यातला एक बदल जिव्हारी लागला. १९७७ मध्ये तस्कर हान सोलो त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला गोळी घालून मोकळा होतो, १९९७ मध्ये ग्रीडो आधी गोळी झाडतो. काही क्षणांचा फरक, पण संधिसाधू तस्कराचा भला माणूस कसा झाला ही हानची सगळी वाटचालच त्यानं बोथट होते. हे जुनं रूप परत मिळवायला एका चेक चाहत्यानं वेगवेगळ्या प्रतींमधून फ्रेम न् फ्रेम जुळवत 'डिस्पेशलाइज्ड एडिशन' तयार केली. म्हणजे चाहत्यांचं पुनर्संकलन नेहमी बदलण्यासाठीच असतं असं नाही. कधी ते जतनासाठीही असतं.

'हॉबिट'च्या चाहत्यांचं काम याहून अवघड. त्यांना परत जायला जुनी प्रत नव्हतीच. टोल्किनएडिटरपाठोपाठ इतरही अनेकांनी आपापल्या आवृत्त्या केल्या आणि सगळ्यांची गाठ त्याच अडचणींशी पडली. पिंपांचा प्रसंग घ्या. पुस्तकात बिल्बो ड्वार्फना बंद पिंपांत घालून एल्फ राजाच्या तळघरातून गुपचूप नदीत सोडतो. चित्रपटात पिंपं उघडी आहेत आणि काठांवर ऑर्क आणि एल्फ यांची धुमश्चक्री चालू आहे. ती कापावी तर कीलीला तिथेच विषारी बाण लागतो. बाण काढला की तो पुढे लंगडतो का, याचं उत्तर उरत नाही. त्या जखमेमुळे तो लेकटाउन या तळ्यावरच्या गावात मागे राहतो, त्याच्यासाठी फीली आणि ओइन थांबतात, बोफुर झोपून राहिल्यानं मागे पडतो. डोंगराच्या दारात पोहोचतात ते तेराऐवजी नऊच. एक चकमक काढली की चार ड्वार्फ कुठे गेले याचा हिशोब द्यावा लागतो. कुणी बाण ठेवून प्रेमकथा काढली, कुणी मागे राहणाऱ्यांचे प्रसंग निसटते केले. न चित्रित झालेला प्रसंग आणता येत नाही, ही या कलेची हद्द.

ध्वनी त्याहून त्रासाचा. चित्राला कात्री लावली की त्याखालचं संगीत मध्येच तुटतं. डिस्कवरच्या ५.१ म्हणजे सहा चॅनेलांच्या ध्वनीत संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात, म्हणून बाजूचे चॅनेल उतरवून त्यावर दुसरीकडची धून अंथरता येते. हावर्ड शोर यांचं संगीत पात्रांना बांधलेलं असल्यानं चुकीची धून आली तर जाणत्याला लगेच खटकतं. चांगल्या फॅन एडिटमध्ये, म्हणजे चाहत्याच्या पुनर्संकलनात, हे सांधे ऐकू येत नाहीत. पुढे विस्तारित आवृत्त्यांनी नवा मालही दिला. तिसऱ्या भागाची विस्तारित आवृत्ती २०१५ च्या अखेरीस आली आणि चित्रपटगृहात न दिसलेला थॉरिनचा अंत्यविधी हाती आला. युद्धाच्या किंमतीचा पुस्तकातला जो जडपणा पडद्यावर निसटला होता, तो नंतरच्या आवृत्त्यांना त्यामुळे साधता आला.

या सगळ्यात एक टोचणी राहतेच. टॉरिएल काढली की बिल्बोची गोष्ट सुटसुटीत होते, पण 'हॉबिट'च्या पुस्तकात नाव घेण्याजोगं एकही स्त्रीपात्र प्रत्यक्ष वावरत नाही, आणि ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्नही तिच्याबरोबर जातो. मला वाटतं, प्रेमत्रिकोण जावा आणि टॉरिएल राहावी. वनराज्याबाहेरच्या जगाशी आपला काही संबंध आहे असं म्हणणारी ती एकटीच एल्फ आहे. कात्री द्वेषासाठीही चालते हे जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. 'स्टार वॉर्स'च्या 'द लास्ट जेडाय'मधून स्त्रियांना जमेल तितकं वगळून कुणीतरी ४६ मिनिटांची आवृत्ती काढली. अडीच तासांच्या चित्रपटात धड कथासुद्धा उरली नाही. तिथे सूर सुधारायचा नव्हताच, माणसं पुसायची होती.

कायद्यानं या आवृत्त्या बहुतेक वेळा अंधारातच राहतात. मूळ डिस्क विकत घेतलेली असावी आणि पैसे कमवायचे नाहीत, हा चाहत्यांचा आपापसातला शिरस्ता. न्यायालयात तो ढाल होईलच असं नाही. भारतात चित्रपटाचा कर्ता कायद्यानं निर्माता मानला जातो, त्यामुळे इथेही अधिकार त्याच्याकडेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयनं बदललेल्या सुखान्तासह पुन्हा प्रदर्शित झाली, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष यांनी जाहीर विरोध केला, तरी ती चित्रपटगृहांत चाललीच.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला एस. एस. राजामौलींनी 'बाहुबली'चे दोन भाग जोडून पावणेचार तासांच्या आसपासचा 'बाहुबली: द एपिक' आणला. अवंतिका आणि शिवुडू यांची प्रेमकथा बरीचशी काढली, काही गाणी काढली, आणि गोष्ट माहिष्मतीच्या सिंहासनाभोवती घट्ट केली. चाहत्यांनी 'हॉबिट'चं जे केलं तेच हे, फक्त इथे कात्री दिग्दर्शकाच्या हातात होती. काय वगळलं हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलं, आणि मूळ दोन्ही भाग ज्यांना पाहायचे त्यांच्यासाठी जसेच्या तसे राहिले.