अर्ज तर केला, पण पुढचं कोण लक्षात ठेवणार?

फोन वाजतो. "तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होता, दोन मिनिटं बोलता येईल का?" कंपनीचं नाव ओळखीचं वाटतं, पण पद कोणतं, रेझ्युमे कुठला पाठवला, पगाराची अपेक्षा किती लिहिली, काही म्हणजे काही आठवत नाही. पोर्टलवर शोधायला जावं तर मुदत संपून जाहिरात उतरलेली. नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते आणि बहुतेकजण मनातल्या मनात स्वतःला वेंधळं ठरवून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. 'सगळं माझ्या डोक्यात आहे' हा समजच मुळात चुकीचा आहे, कारण डोक्यात तेवढी जागा नसते.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा साधारण सात घटक इतकी सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. समजा अर्ज तीस आणि जागा चार, हिशेब उघड आहे. पण मला खरं कुतूहल आहे ते वेगळ्याच स्मृतीचं.

आपण स्मृती म्हणतो तेव्हा घडून गेलेलं आठवणं एवढंच डोळ्यांपुढे असतं. पुढे करायची गोष्ट ऐनवेळी आठवणं हे निराळं काम आहे. त्याला भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. आइनस्टाइन आणि मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी (हे आइनस्टाइन वेगळे) १९९० मध्ये तिचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात बाहेरची एखादी घटना आठवण करून देते: मुलाखत संपली की आभाराचा मेल पाठवायचा. दुसऱ्यात फक्त वेळ ठरलेली असते: पुढच्या मंगळवारी एचआरला विचारायचं. मंगळवार येऊन दार वाजवत नाही. 'आज तो दिवस का?' हे मेंदूला आपणहून तपासत राहावं लागतं, आणि दुसऱ्या कामात गढलेला मेंदू नेमकं हेच विसरतो.

ही तपासणी फुकट होत नाही. प्रयोगांत असं दिसलं आहे की एखादा इरादा मनात बाळगून दुसरं काम करायला दिलं, तर त्या इराद्याची वेळ यायच्या आधीच हातातलं काम मंदावू शकतं. मेंदूच्या कपाळामागच्या, म्हणजे पूर्वललाट भागाच्या अगदी पुढच्या टोकाला ब्रॉडमन क्षेत्र १० (मेंदूच्या नकाशात हा क्रमांक दिलेला भाग) आहे. इरादा धरून ठेवताना त्याच्या बाहेरच्या बाजूची सक्रियता वाढते आणि मध्यरेषेजवळच्या भागाची घटते. मेंदूचे अभ्यासक पॉल बर्जेस यांच्या मांडणीनुसार हे क्षेत्र एखाद्या फाटकासारखं आहे: लक्ष समोरच्या जगाकडे वळवायचं की मनातल्या विचाराकडे, याचा समतोल ते राखतं. म्हणजे मुलाखतीची तयारी करताना 'त्या दुसऱ्या कंपनीला कळवायचं राहिलंय' हे धरून ठेवलं, तर लक्ष दोन्हीकडे विभागलं जातं.

यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडतो. 'करायचंय' एवढं न म्हणता 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवायचं. फक्त वेळेच्या भरवशावर सोडलेलं काम घटनेला बांधायचं, म्हणजे ती घटनाच आठवण करून देते. एका प्रयोगात अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवण्यासाठी उपचार घेणाऱ्या रुग्णांना पुढे नोकरी मिळावी म्हणून छोटा बायोडेटा लिहायला सकाळी सांगितलं, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. निम्म्यांनी तो कधी, कुठे लिहिणार हे ठरवलं. उरलेल्यांनी दुपारचं जेवण कधी, कुठे घेणार हे ठरवलं. पहिल्या गटातल्या ८० टक्के रुग्णांनी बायोडेटा आणून दिला, दुसऱ्यातल्या एकानेही नाही. गट लहान होते, तरी व्यसनमुक्तीच्या यातनांतून जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत एवढा फरक पडावा, याने मी थक्क झालो.

म्हणून अर्जांची वही किंवा एक्सेल शीट करताना कंपनी, पद, तारीख, पाठवलेल्या रेझ्युमेच्या फाईलचं नाव हे रकाने हवेतच, जाहिरातीचा मजकूरही त्याच दिवशी उतरवून ठेवावा. पण सर्वांत मोलाचा रकाना 'पुढे काय आणि कशानंतर' हा. 'फॉलोअप' एवढंच लिहिलेला रकाना रिकाम्यासारखाच. 'सोमवारी लॅपटॉप उघडला की आधी या कंपनीला मेल' असं लिहिलं तर त्याचा उपयोग होतो.

हे सोडून मनात नोकरीचं चित्र रंगवा, विश्व ती तुमच्याकडे खेचून आणेल, असं शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गाब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या पदवीधर होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. ज्यांनी यशाची सुखस्वप्नं जास्त वेळा पाहिली होती, त्यांनी अर्ज कमी पाठवले होते, त्यांना ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता. निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, स्वप्नं विकणं अजून चालू आहे.

अपुरी कामं मनात घोळत राहतात, हे बहुतेकांना माहीत असतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना २०११ मध्ये आढळलं की काम पूर्ण झालं नाही तरी त्याची नेमकी योजना आखली, की ते मध्येमध्ये डोकावणं थांबतं. रात्रीसुद्धा याचा उपयोग दिसतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या झोप प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. त्यांच्यातही ज्यांची यादी जास्त तपशीलवार, ते आणखी लवकर झोपले.