लेजंड वेगळा, ॲडव्हेंचर वेगळा

जुन्या बाजारात मिळालेल्या त्या व्हिडिओ गेमच्या करड्या कार्ट्रिजचं लेबल अर्धं फाटलेलं होतं. 'फायनल फँटसी' एवढं वाचता येत होतं, पुढचा शब्द गायब. विकणाऱ्याला विचारलं, "यातला कुठला?" नळाच्या तोट्या मांडता मांडता तो म्हणाला, "फायनल म्हटल्यावर काय, शेवटचाच असणार."

शेवटचा तर तो नव्हताच. धड फायनल फँटसी या गाजलेल्या जपानी गेम-मालिकेतलाही नव्हता.

घोळ असा आहे. अमेरिकेत मूळ गेमबॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, 'फायनल फँटसी' नावाचे चार गेम आले: लेजंडचे तीन भाग आणि एक ॲडव्हेंचर. पहिला लेजंड आणि ॲडव्हेंचर या दोघांत लोक हमखास गल्लत करतात. दोन्ही स्क्वेअर कंपनीचे, दोन्ही करड्या कार्ट्रिजमधले, दोन्ही एकाच हिरवट पडद्यावर चार छटांत दिसणारे. खेळायला मात्र एक बुद्धिबळासारखा, तर दुसरा लंगडीसारखा.

लेजंडचं जपानी नाव 'माकाई तोशी सागा'. तो जपानमध्ये डिसेंबर १९८९ मध्ये आला. गेमबॉयवरचा हा पहिला रोल-प्लेइंग गेम (पात्रं घडवत कथा पुढं न्यायचा प्रकार) आणि दहा लाखांच्या वर खपलेला स्क्वेअरचा पहिला गेम. त्याचा कर्ता अकितोशी कावाझू. फायनल फँटसीशी कथेचं नातं शून्य. १९९० मध्ये अमेरिकेत खरा फायनल फँटसी नुकताच पोचला होता, त्याच्या नावाला वजन आलं होतं, म्हणून त्याच वर्षी तीच पाटी यालाही लावली. आपल्याकडे 'आमची कोठेही शाखा नाही' असं अभिमानानं लिहितात. इथं शाखा नसताना शाखेचा बोर्ड टांगला.

ॲडव्हेंचरचं तसं नाही. तो १९९१ चा, कोइची इशीईच्या देखरेखीखाली झालेला. मूळ नाव 'सेइकेन देन्सेत्सु', म्हणजे पवित्र तलवारीची आख्यायिका, आणि त्याखाली जपानी खोक्यावरच 'फायनल फँटसी गायदेन' असं छापलेलं. गायदेन म्हणजे मूळ कथेच्या कडेनं जाणारी उपकथा. त्यात फायनल फँटसीतला चोकोबो हा स्वारीचा पिवळा पक्षीही आहे. म्हणजे हा निदान चुलत भाऊ तरी आहे. पुढं त्याचं स्वतःचं घराणं झालं. 'सीक्रेट ऑफ माना' म्हणून लोक ओळखतात तो त्याचा दुसरा भाग.

युरोपातली कथा तर आणखी वाईट. तिथं ॲडव्हेंचर 'मिस्टिक क्वेस्ट' नावानं विकला, आणि 'फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट' हा टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डोवरचा तिसराच गेम 'मिस्टिक क्वेस्ट लेजंड' नावानं. हे एकदा वाचून विसरून जा.

तर लेबल नसताना ओळखायचं कसं? चार पेन्सिल सेल घाला आणि सुरू करा. गेमनं नायक आणि नायिका अशा दोघांची नावं विचारली आणि तुम्हाला थेट आखाड्यात एका श्वापदासमोर उभं केलं, तर तो ॲडव्हेंचर. मानव, म्युटंट की राक्षस असं विचारलं तर लेजंड. नावाला दोन्हीकडे चारच अक्षरं. माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं बटण दाबलं, पुढं राक्षसांची यादी आली, आणि त्याचं तोंड पडलं. त्याला पळापळीचा गेम हवा होता.

"मामा, हा चालता चालता सारखा थांबतोय."

बरोबर आहे. लेजंडमध्ये शत्रू वाटेत दिसतच नाहीत. चार पावलं टाकली की पडदा बदलतो, समोर शत्रूंची चित्रं येतात, आणि तुमच्या चार गड्यांनी काय करायचं ते पाळीपाळीनं निवडायचं. ॲडव्हेंचरमध्ये शत्रू तुमच्याच पडद्यावर फिरत असतात. तुम्ही तलवार चालवता, लागली तर लागली. कुऱ्हाडीनं झाडं तुटतात, विळ्यानं झुडपं कापली जातात, साखळीचा गोळा पलीकडच्या खुंटाला अडकवून दरी ओलांडता येते. वार न करता थांबलात तर खाली एक पट्टी भरत जाते, ती पूर्ण भरली की पुढचा घाव मोठा बसतो. पातळी वाढली की ताकद, दम, शहाणपण आणि इच्छाशक्ती यांतलं एक तुम्ही निवडायचं. सगळं सरळ आणि लगेच कळणारं. कथाही मनाला लागते. त्यात लेस्टर नावाचा गायक अक्षरशः पोपट होतो, तरी हसू येत नाही, कारण त्याला परत माणूस करण्यासाठी जी किंमत मोजावी लागते ती त्याच्या बहिणीच्या वाट्याला येते.

पण मला बोलायचंय ते लेजंडबद्दल. दोघांत दुर्लक्षित राहिलेला तोच, आणि विचित्रही तोच.

इतर गेममध्ये लढलं की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साचले की सगळे एकसारखे मोठे होतात. इथं तसं नाही. मानव लढून वाढतच नाही. तो बाजारातून ताकदीच्या आणि चपळाईच्या बाटल्या आणून पितो, म्हणजे पैसा असेल तर शक्ती. म्युटंट लढाईनंतर आपोआप बदलतो, पण काय बदलेल ते त्याच्या हातात नाही. काल मिळालेली अप्रतिम विद्या आज पुसून तिच्या जागी भलतंच काही बसलेलं असतं. आणि राक्षस? तो मेलेल्या शत्रूचं मांस खातो. खाल्लं की त्याचा वेगळाच राक्षस होतो, कधी भारी, कधी आधीपेक्षा फालतू. आमच्या अंडंही वर्ज्य असलेल्या घरात सध्या जेवणाच्या टेबलावर "मांस खाऊ की नको?" असा प्रश्न मोठ्यानं विचारला जातो आणि आजी जपमाळ थांबवून बघते.

शस्त्रांपुढं आकडा असतो. प्रत्येक वाराला तो एकनं कमी होतो, शून्यावर शस्त्र संपलं. आपण चांगली तलवार मोठ्या लढाईसाठी राखून ठेवतो आणि साध्या किड्यांशी गंजक्या हत्यारानं लढतो, दिवाळीची चांगली ताटं-वाट्या कपाटात ठेवाव्यात तसं. गड्यांनाही तीनच बदाम. दर मरणाला एक जातो; संपले की तो गडी कायमचा गेला, गिल्डमधून नवा आणायचा.

कथा एका मनोऱ्याची आहे. जगाच्या मध्यावर तो उभा, वर स्वर्ग आहे म्हणतात. मजल्यामजल्यावर दारं, प्रत्येक दारामागं वेगळं जग: कुठं राजेरजवाडे, कुठं नुसता समुद्र, कुठं उद्ध्वस्त आधुनिक शहर. मधला मोठा शत्रू 'अशुरा', म्हणजे आपलाच असुर, बौद्ध धर्माच्या वाटेनं जपानला गेलेला. आणि सर्वांत वर खुद्द निर्माता, डोक्यावर उंच हॅट घालून.

या निर्मात्याला एका करवतीनं एका घावात मारता येतं. करवतीनं दुबळ्या शत्रूला तात्काळ कापावं असा हिशोब होता, पण ती तुलना कोडमध्ये उलटी लिहिली गेली. त्यामुळं जितका कणखर शत्रू तितकी करवत चालण्याची शक्यता जास्त, आणि सर्वांत कणखर तर देवच. ही चूक नंतर इतकी लाडकी झाली की पहिल्या लेजंडचं नाव काढलं की लोक करवतच आठवतात.

लांबीही मला आवडते. नारिता ते होनोलुलूच्या विमानप्रवासात संपेल एवढा, म्हणजे सहा ते आठ तासांचा, गेम करायचा असं कावाझूनं ठरवलं होतं. डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन परत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मात्र पहिल्या खेपेला हा गेम तेवढ्यात कोणाचा संपत असेल असं वाटत नाही. निम्मा वेळ मांस खाऊन पस्तावण्यात जातो.

संगीताची खूणही सांगून ठेवतो. लेजंडचं संगीत नोबुओ उएमात्सूचं, खऱ्या फायनल फँटसीचा तोच संगीतकार. ॲडव्हेंचरचं केन्जी इतोचं. गंमत म्हणजे लेजंड २ ला हे दोघंही आहेत, तेव्हा कानावर भरवसा ठेवून दोन आणि एक ओळखायला जाऊ नका.

आज दोन्ही कायदेशीर मिळतात: लेजंडचे तिन्ही भाग 'कलेक्शन ऑफ सागा'मध्ये, ॲडव्हेंचर 'कलेक्शन ऑफ माना'मध्ये. जुनं कार्ट्रिज घेणार असाल तर आतला बटण सेल मेलेला असणार हे धरूनच चाला. सेल मेला की गेम सुरू होतो, पण साठवलेलं काही उरत नाही. आम्हाला हे कळलं तेव्हा भाचा पहिल्या जगातल्या राजाकडून चिलखत मिळवून झोपला होता. सकाळी परत 'मानव, म्युटंट की राक्षस'.

खोलायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. त्या खास डोक्याच्या स्क्रूसाठी वेगळा बिट लागतो. तो मागवला, पुण्याच्या तपकीर गल्लीतून पट्ट्या जोडलेला सेल आणला, आणि रविवारी दुपारी आम्ही दोघांनी जुना काढून नवा सोल्डर केला. पहिला टाका माझ्याच बोटाला बसला.

भाचा आता तिसऱ्या जगात आहे. वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं तलवारींचे उरलेले वार लिहून ठेवलेत, आणि चौथ्या गड्याचं नाव 'मामा' ठेवलंय. तो राक्षस आहे. काल त्याला कुठलंसं मांस खायला घातलं, तेव्हापासून तो किडा झालाय.