तेल तापायच्या आत 'गाडी आली!'

दादर स्टेशनबाहेर सकाळी सहाला वडापावची गाडी लागत असते. शेगडी पेटलेली, तेल जेमतेम कोमट, बेसन अजून कोरडंच. तेवढ्यात लांबून आरोळी येते, 'गाडी आली!' म्हणजे फेरीवाल्यांचा माल उचलणारी पालिकेची गाडी. भर धंद्यात आली असती तर काय आधी उचलायचं ते हातांना पाठ असतं. मांडामांड अर्धी असताना मात्र तारांबळ उडते.

सर्व्हरवर पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचंही हेच. लिनक्समध्ये त्याला थांबवायचं तर 15 क्रमांकाचा 'सिगटर्म' सिग्नल जातो, म्हणजे 'आवरा आता'. मुदतीत आवरलं नाही तर 9 क्रमांकाचा 'सिगकिल' येतो आणि तो कुणालाच अडवता येत नाही. ही मुदत प्रोग्रॅम चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या साधनावर ठरते: वेगळं काही सांगितलं नसेल तर डॉकर 10 सेकंद थांबतो, कुबरनेटिस 30, सिस्टमडी 90.

सिग्नलचं काय करायचं हे प्रोग्रॅमने सांगण्याआधीच 15 आला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला जागीच संपवतो. आमच्याकडे एक सेवा, म्हणजे असाच पडद्यामागचा प्रोग्रॅम, अशीच सुरू होता होता मेली आणि 'मी चालू आहे' अशी नोंद असलेली फाइल मागे राहिली. पुढच्या वेळी ती फाइल बघून सेवा म्हणाली, मी तर आधीच चालू आहे! अर्धी सकाळ त्यात गेली. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली वेगळी बंदिस्त खोली; तिथल्या 1 क्रमांकाच्या, म्हणजे पहिल्या प्रोसेसचं नेमकं उलटं: तिने आधी काही सांगितलं नसेल तर 15 तिच्यापर्यंत पोचतच नाही.

बरं, सिग्नल आल्यावर चालणारा कोड, म्हणजे हँडलर, आधीच बसवला आणि त्यातच सगळी आवराआवर कोंबली तर? तो डेटाबेस बंद करायला जातो, जो अजून उघडलेलाच नाही. शिवाय सिग्नल प्रोग्रॅममधल्या कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये टपकतो. प्रोग्रॅम मेमरी मागत असताना, तिथलं एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप त्याच्याच हातात असताना तो आला आणि हँडलरनेही मेमरी मागितली, की प्रोग्रॅम स्वतःच्याच कुलपाबाहेर ताटकळत बसतो.

म्हणून हँडलरने फार शहाणपणा करू नये. एका पाइपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःलाच निरोप द्यायच्या नळीत, एक बाइट टाकावा आणि निघावं. डॅनियल बर्नस्टाइन यांची ही जुनी युक्ती. बाकी काम मुख्य प्रोग्रॅमचं: प्रत्येक पायरी चढली की ती कशी उतरायची ते लिहून ठेवायचं, पाइपमध्ये बाइट दिसला की तेवढ्याच पायऱ्या उलट्या क्रमाने उतरायच्या. पायऱ्यांच्या मध्ये डोकावणं मात्र पुरत नाही. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असतानाही एक कान पाइपकडे हवा, नाहीतर मुदत तिथेच संपते.

आता आम्ही सेवा सुरू करून 50 मिलिसेकंदांनी 15 पाठवतो, मग 100, मग 150, असं चढत जातो. पहिल्याच दिवशी ती 350 वर अडकली. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारं नेहमीचं फंक्शन उत्तर मिळेपर्यंत हलतच नाही, पाइपकडे कान देणं तर दूरच. शेवटी ते वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यावर, हलवलं.